कच्ची काच परत पाण्यात

४ मार्च, सोमवार

आधी एक दुरुस्ती. कालच्या नोंदीत मी लिहिलं आहे, ‘कच्चे तुकडे जिथे सापडले तिथेच परत पाण्यात टाकले.’ हे बरोबर नाही. सापडतात ते तळ्याच्या सगळ्या काठावर, आणि टाकते मी ते एकाच जागी, बोटींच्या धक्क्याच्या डाव्या अंगाला. कालच असं नाही, थंडी सुरू झाल्यापासून दर रविवारी. ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. पण म्हणून तीत चूक राहू द्यावी असं थोडंच आहे?

कारणही लिहून ठेवते. काच गुळगुळीत व्हायला लाट लागते. आमच्या तळ्याला लाट वाऱ्याची, आणि वारा आळशी. धक्क्यापाशी मात्र पायडलच्या बोटी दिवसभर सुटतात नि लागतात, पाणी सारखं हलत असतं, खाली वाळूही भरड आहे. तिथे काच लवकर पिकणार. हे माझ्या डोक्यातून निघालं. मॅडमनाही सुचलं नव्हतं.

मॅडम म्हणजे चष्म्याच्या दुकानाच्या मालकीण. मी तिथे काउंटरवर असते. छंद मूळ त्यांचा, आता माझाही. नियम त्यांचाच: धार गेलेली, दुधाळ झालेली काच तेवढी घरी न्यायची, कच्ची, चकचकीत काच पाण्याला परत द्यायची. पाणी तिला शिकवतं, असं मॅडम म्हणतात. मी आमच्या घरातली पहिली शिकलेली. मला हे वाक्य फार आवडतं.

आमच्या घरात छंद कुणालाच नव्हता. आई म्हणते, दुसऱ्यांनी फोडलेलं उचलायला एवढी पुस्तकं वाचलीस का? तिला कलेक्शन आणि कचरा यांतला फरक समजावून सांगितला. तिने तो ऐकून घेतला आणि खिडकीतल्या माझ्या बरण्यांच्या पुढ्यात कांद्याची टोपली ठेवली.

संकल्प: यापुढे प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी लिहायची.

५ मार्च, मंगळवार

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायाला काच लागली. धक्क्यावर बोटी ढकलायचं त्यांचं काम, त्यामुळे दिवसभर गुडघाभर पाण्यात, अनवाणी. साखरेच्या आजारामुळे तळपायाला काही कळत नाही. बोटीतल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, काका, पाण्यात रक्त दिसतंय. आप्पा म्हणाले, माझं नसेल, तुमचंच काही लागलंय का बघा. मग बोटीतल्या सगळ्यांनी आपापले पाय तपासले. नंतर आप्पांनी.

दवाखान्यात टाके घातले. डॉक्टर म्हणाले, साखर असलेल्या माणसाची जखम म्हणजे घरी आलेला पाहुणा, कधी जाईल सांगता येत नाही. पाय खाली सोडायचा नाही.

आप्पांना विचारलं, नेमकं कुठे लागली. म्हणाले, डाव्या अंगाला, नेहमीच्या जागी. यात एक शंका आहे. डावं कुणाच्या बाजूने? आप्पा बोट ओढताना तळ्याकडे पाठ करून उभे राहतात. म्हणजे त्यांचं डावं हे माझं उजवं असू शकतं. शहानिशा केल्याशिवाय मनाला लावून घेण्यात अर्थ नाही.

६ मार्च, बुधवार

विचारलं. डावं माझंच निघालं.

पायातून काढलेला तुकडा डॉक्टरांनी आप्पांना कागदात बांधून दिला. तो आता कपाटावर आहे. हिरवा, बाटलीच्या बुडाचा, ताज्या धारेचा. मी तो ओळखला नाही. निदान ओळखला असं खात्रीने म्हणता येणार नाही. त्याच्यात एका कडेला लांबट बुडबुडा आहे. असे बुडबुडे पुष्कळ काचांत असतात. तोच बुडबुडा मी रविवारी उजेडात धरून पाहिला होता, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

आणि मला कुणी काही विचारलेलंही नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. खोटं बोलणं वेगळं आणि न विचारता न सांगणं वेगळं.

तरी टाकलेली सगळी कच्ची काच उद्या पहाटे पाण्यातून काढायची. आप्पा बरे होऊन धक्क्यावर येतील तेव्हा तिथे कुसळसुद्धा असता कामा नये.

७ मार्च, गुरुवार

पहाटे गेले. आईची पिठाची चाळण नेली, मॅडमसारखे रबरी बूट नाहीत म्हणून भावाचे जुने बूट घातले. वाकून वाकून पाठ गेली. पण कष्टाचं चीज झालं! फिकट जांभळा तुकडा मिळाला, पूर्ण दुधाळ, कडा बोराच्या बीसारख्या गोल. मॅडमच्या सगळ्या संग्रहात जांभळा एकच आहे आणि तोही टवका उडालेला. नाचायचीच बाकी राहिले होते.

घराच्या जिन्यात आल्यावर लक्षात आलं की चाळणीतले कच्चे तुकडे मी सवयीने परत पाण्यात टाकून आले.

म्हणजे सगळे नसतील. पुष्कळसे. पुढच्या आठवड्यात पुन्हा जायला हवं. आप्पा अजून घरीच आहेत, त्यामुळे तूर्त धोका कुणालाच नाही. त्यांच्या जागी नवा माणूस आलाय, पण तो बूट घालतो म्हणे.

चाळण धुऊन जागेवर ठेवली. आईने विचारलं, पोळ्यांत वाळू कुठून आली?

८ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी बोटींचे ठेकेदार आप्पांना बघायला आले. त्यांनी तुकडा हातात घेतला, बल्बखाली धरला आणि म्हणाले, हिरवी काच म्हणजे सोड्याची बाटली, आणि इथे सोडा विकतं कोण? मावशी.

मावशी म्हणजे धक्क्याला लागून ज्यांची टपरी आहे त्या. चहा, सोडा, बिस्किटं. आप्पांचा तिथला चहा माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. शाळेत असताना घरी गोंगाट व्हायचा म्हणून मी मावशींच्या टपरीमागे क्रेटवर बसून अभ्यास करायची. गिऱ्हाईक मोठ्याने बोललं की त्या डाफरायच्या, हळू बोला, आत परीक्षा चाललीये.

आप्पा ठेकेदारांना म्हणाले, काहीतरीच काय! ती बाई बाटली परत घेतल्याशिवाय माणसाला हलू देत नाही. एकदा एक नवरदेव बाटली घेऊन बोटीत बसला, तर कमरेएवढ्या पाण्यात गेली होती त्याच्या मागे.

ठेकेदार म्हणाले, ते खरं, पण आज तुमच्या पायात गेली, उद्या गिऱ्हाइकाच्या पायात जाईल. तक्रार लेखी हवी. तुमची पोरगी शिकलेली आहे, तीच लिहील.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगायची हीच वेळ होती हे मला मान्य आहे. पण पाहुण्यांसमोर घरातलं काढणं बरं नव्हे. शिवाय आप्पांची छाती अशी फुगली होती की बँडेज बांधलेला माणूस वाटेचना.

लिहिलं. मात्र प्रामाणिकपणे. ‘टपरीवालीने काच टाकली’ असं एका शब्दानेही म्हटलेलं नाही. ‘धक्क्यानजीक हिरव्या बाटलीच्या काचेचा धारदार तुकडा आढळून आला. नजीकच हिरव्या बाटल्यांची विक्री होते.’ दोन्ही वाक्यं स्वतंत्रपणे खरी आहेत. त्यांना जवळजवळ बसवलं ते फक्त कागद अपुरा होता म्हणून.

१० मार्च, रविवार

काच वेचायला गेले नाही. स्वतःला शिक्षा. (थोडा वेळ गेले. पण दुसऱ्या काठाला.)

एक विचित्र गोष्ट झाली. शुक्रवारी आप्पांना मी अर्ज वाचून दाखवला होता. त्यांना वाचता येत नाही. आज सकाळी म्हणाले, पुन्हा वाच. वाचला. पुन्हा म्हणाले, ते ‘नजीकच’ वाचून दाखव. वाचलं. मग म्हणाले, इतकी वर्षं चहा प्यायलो तिच्या हातचा. असं करेल वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, आप्पा, त्यांनी केलं असं अर्जात कुठेच लिहिलेलं नाही. आप्पा म्हणाले, मग कशाला लिहिलंयस? लिहिलंय म्हणजे काहीतरी असणारच. तू काय उगीच लिहिशील?

आई म्हणाली, मला आधीपासूनच संशय होता. हे खोटं आहे. आईला कुणाचाच आधीपासून संशय नसतो, कांदेवाला सोडून.

माझ्या भाषेत इतकी ताकद आहे हे मला ठाऊक नव्हतं. या गोष्टीचा अभिमान वाटला असं लिहिणं बरं दिसणार नाही, पण रोजनिशीत जसंच्या तसं लिहायचं ठरलं आहे. वाटला. मग झोप लागली नाही.

११ मार्च, सोमवार

मॅडमचा सल्ला घेतला. नावं न घेता, उदाहरण म्हणून. म्हटलं, मॅडम, समजा आपण परत टाकलेली कच्ची काच कुणाच्या पायात गेली तर? मॅडम फ्रेम पुसत होत्या. हसून म्हणाल्या, अगं, हल्ली कोण अनवाणी उतरतं पाण्यात?

मी म्हटलं, कुणी कामासाठी उतरत असेल. म्हणाल्या, त्यांच्या तळपायाची कातडी जाड असते गं, सवय असते त्यांना.

मी हो म्हटलं. मॅडमना माझे वडील जलवाहतुकीत आहेत एवढंच ठाऊक आहे. ते खोटं नाही. बोटी पाण्यातूनच जातात, आणि वडील त्या पाण्यातच असतात.

जांभळा तुकडा दाखवला. मॅडमनी भिंगाखाली धरला, त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, तुला नजर आहे. मला जन्मात असं कुणी म्हटलेलं नाही. घरी येईपर्यंत मी हवेत होते. घरी आप्पा पाय उशीवर ठेवून बसले होते, आणि जखमेला वास यायला लागलाय असं आई म्हणत होती.

१२ मार्च, मंगळवार

मावशी घरी आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि गॅस पेटलेला नसताना दूध ढवळत उभी राहिले.

मावशींनी आप्पांना विचारलं, पाय कसा आहे? आप्पांनी भिंतीकडे बघून सांगितलं, आहे. आई म्हणाली, बसा, पण खुर्ची पुढे केली नाही. मावशी उभ्याच राहिल्या. मग मला हाक मारून म्हणाल्या, ए परीक्षा, बाहेर ये.

म्हणाल्या, तो अर्ज तूच लिहिलास ना? ठेकेदाराने वाचून दाखवला. काय लिहितेस गं! मलाच क्षणभर वाटलं, मीच टाकली की काय. आता माझंही लिही. गुरुवारपर्यंत लेखी उत्तर दिलं नाही तर टपरी उचलणार म्हणतो. त्याच्या मेहुण्याला ती जागा हवी आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मला लिहिता येत नाही आणि दुसऱ्या कुणाचं अक्षर मला ओळखीचं नाही.

आप्पा भिंतीकडेच बघत होते. मी म्हटलं, लिहिते.

मावशी जाताना म्हणाल्या, चांगलं लिही हं. त्याच्यापेक्षा चांगलं.

मी आप्पांना तिथल्या तिथे सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण आप्पाच म्हणाले, लिही तिचं, आपल्याला कुणाशी वैर नको. पण खोटं लिहू नकोस, तुझ्या अर्जाला बाध येईल. त्यांना आता त्या अर्जाची माझ्यापेक्षा जास्त काळजी आहे.

१३ मार्च, बुधवार

उत्तर लिहायला बसले. फार अवघड काम. एकाच हाताने दोन्ही बाजू लिहायच्या म्हणजे तराजूच्या दोन्ही पारड्यांत स्वतःच बसायचं.

मला खरी हकिकत पूर्ण ठाऊक आहे हीच मोठी अडचण. तो तुकडा मी तळ्याच्या लांबच्या टोकाला, झाडीपलीकडे उचलला. तिथे लोक पार्ट्या करून बाटल्या फोडतात आणि पाण्यात कुणीही उतरत नाही. तिथे तो कुणाचंही काही न बिघडवता पडून होता. पण हे मावशींच्या उत्तरात कसं लिहिणार? मावशींना ते ठाऊक नाही. माणसाला जे ठाऊक नाही ते त्याच्या सहीखाली घालणं ही फसवणूक झाली.

म्हणून संयमित भाषा ठेवली. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘माझ्या टपरीवरून आजवर एकही बाटली पाण्यात गेलेली नाही.’ मग वाटलं, आजवर म्हणजे कधीपासून? मी काही चोवीस तास तिथे नव्हते. खोडलं. ‘माझ्या माहितीप्रमाणे’ घातलं. शेवटी एक वाक्य आपोआप लिहिलं गेलं: ‘तरीही माझ्याकडून अनवधानाने काही घडलं असल्यास मी मनापासून क्षमा मागते.’

हे वाक्य लिहिताना रडू आलं. का ते कळलं नाही. वाक्य इतकं चांगलं उतरलं होतं की काढवेना.

रात्री जाऊन मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, शेवटचं कशाला गं? मी काय केलंय? मी म्हटलं, मावशी, लेखी भाषेत तशी रीत असते, त्याने माणूस सुसंस्कृत दिसतो. त्या म्हणाल्या, बरं बाई, तुला कळतं. आणि अंगठा उठवला.

१४ मार्च, गुरुवार

ठेकेदारांनी उत्तर वाचलं. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं, असं मावशी सांगत होत्या. मग म्हणाले, क्षमा मागितलीच आहे तर प्रश्नच मिटला. शनिवारी संध्याकाळपर्यंत टपरी रिकामी करा.

मावशी मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, तुझा दोष नाही, चांगल्या लिहिण्याचा उपयोग चांगल्या माणसापुढे.

आता अगदी स्पष्ट झालं. उद्या सकाळी कामावर जाण्याआधी ठेकेदारांना जाऊन सांगायचं. एकच वाक्य: काच मी टाकली. कर्ता, कर्म, क्रियापद. चार वेळा आरशासमोर म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी ‘टाकली गेली’ झालं, पण चौथ्यांदा जमलं.

१५ मार्च, शुक्रवार

गेले. धक्क्यावरच्या केबिनमध्ये ठेकेदार फोनवर होते, मेहुण्याशीच असावेत, फ्रिज कुठे ठेवायचा ते चाललं होतं. मी दारात उभी राहिले. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडू नये. फोन संपला तेव्हा त्यांनी विचारलं, काय गं, काय काम?

मी विचारलं, उद्या बोटी चालू आहेत का?

ते म्हणाले, रोजच असतात. मी थँक्यू म्हटलं.

कारण असं: शुक्रवारी त्यांना हिशेबाची गडबड असते. अशा माणसाला गंभीर गोष्ट सांगितली तर त्याला तिचं गांभीर्य कळत नाही. दुसरं म्हणजे मी सांगितलं तर आधी आप्पांचीच नोकरी जाईल, कारण नुकसान त्यांच्याच मुलीने केलं. तिसरं म्हणजे मॅडम. चौथं कारण होतं, आता आठवत नाही, पण सगळ्यांत भक्कम तेच होतं.

मावशी टपरीतून बघत होत्या. मला हाक मारून चहा दिला. म्हणाल्या, माझ्यासाठी बोलायला गेली होतीस ना? मी चहा फुंकला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चहा पूर्ण प्यायले. टाकणं बरं दिसलं नसतं.

दुपारी डॉक्टर म्हणाले, आप्पांच्या पायाची करंगळी काळी पडते आहे. सोमवारी पुन्हा बघू.

१६ मार्च, शनिवार

आप्पांनीच मला पाठवलं. म्हणाले, काही झालं तरी शेजारपाजार आहे, सामान उचलायला हात लाव. त्यांचा स्वतःचा पाय उशीवर, नाहीतर आलो असतो म्हणाले. मला वाटतं, आले असते.

क्रेट टेम्पोत चढवले. प्रत्येक क्रेट भरलेला, प्रत्येक कप्प्यात बाटली, मान वर. शेवटचा क्रेट माझ्या हातात देताना मावशी म्हणाल्या, बघ, एकही कमी नाही. मी बघितलं. एकही कमी नव्हती. तेव्हा सांगता आलं असतं. पण माझे दोन्ही हात गुंतलेले होते, आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

मावशी पुढे बसल्या. आता बहिणीकडे राहणार म्हणे, तिकडे तळं नाही. टेम्पो गेला. टपरी उभी होती तिथे ओल्या मातीचा चौकोन राहिला. मेहुण्याचा माणूस लगेच टेप घेऊन मापं घ्यायला लागला. प्लास्टिकच्याच बाटल्या ठेवणार आहे, असं त्याने आपणहून मला सांगितलं. काचेचा धोका नको.

घरी आले तेव्हा आप्पांनी विचारलं, काही म्हणाली का? मी म्हटलं, नाही. हे अक्षरशः खरं नाही. दुरुस्ती करायची तर ती आप्पांजवळ करायला हवी, इथे नव्हे, हे मला कळतं.

तेव्हा निश्चय. शांतपणे विचार केला तर गेले दोन आठवडे मी घाईतच होते, त्यामुळेच प्रत्येक वेळी गडबडले. आता टपरी गेली आहे, मावशी गेल्या आहेत, आणखी बिघडायचं काही राहिलेलं नाही. त्यामुळे घाईही नाही. उद्या रविवार, केबिन बंद. सोमवारी आप्पांचा दवाखाना, आणि आधी पायाचं काय म्हणतात ते कळलेलं बरं. ठेकेदारांना सांगायचं, मग आप्पांना, मग मावशींच्या बहिणीचा पत्ता शोधून त्यांना. याच क्रमाने.

म्हणजे सुरुवात मंगळवारी, १९ मार्चला. सकाळी, दुकान उघडायच्या आत.